वर्ध्याहून जपान, कमी पैशात: खानखोजे, लेर्ख आणि बर्फाची गोष्ट

आजचा भाग लिखित स्वरूपात, ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी.

सध्या रील उघडलं की जपानचा बर्फ दिसतो. आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे स्क्रीनवरचा बर्फसुद्धा थंड वाटतो! मग ग्रुपवर प्रश्न येतो: कमी बजेटमध्ये जपानला स्कीइंग जमेल का? जमेल. पण तिकडचं कुठलं गाव महाग, कुठलं स्वस्त आणि का, हे समजायला थोडा इतिहास लागतो. आणि हा इतिहास आपल्या वर्ध्यालाही येऊन भिडतो.

सुरुवात करू १९०५ पासून. त्या वर्षी मे महिन्यात त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचं आरमार बुडवलं. एका आशियाई देशाने युरोपातल्या बलाढ्य सत्तेला हरवलं! गुलामीत असलेल्या आपल्या लोकांना ही बातमी कशी वाटली असेल, विचार करा. जपानला जमलं, तर आपल्याला का नाही?

हा प्रश्न पडलेला एक तरुण वर्ध्याचा होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वडील अर्जनवीस, म्हणजे लोकांचे सरकारी अर्ज लिहून देणारे. घरात पैसा बेताचाच. सुरुवातीची शाळा वर्ध्यात, पुढचं शिक्षण नागपुरात, आणि डोक्यात टिळकांचे विचार. पांडुरंगला लष्करी शिक्षण हवं होतं, आणि इंग्रज ते देणार नव्हते. म्हणून १९०६ च्या सुमारास तो देश सोडून निघाला आणि जपानला पोहोचला. तिथे जपानी आणि चिनी राष्ट्रवाद्यांमध्ये काही काळ राहिला, मग तिथून अमेरिकेला.

त्या काळी पैशाचा जुगाड कसा व्हायचा, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना काढली की प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. हाच तो पैसा फंड, टिळकांनी उचलून धरलेला. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. तो उभारणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचेचं काम जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. आज ज्याला आपण क्राउडफंडिंग म्हणतो, ते हेच. तेव्हा जपानला जाणं म्हणजे काहीतरी शिकून घेऊन परत येणं होतं.

आता स्कीकडे वळू. जपानमध्ये स्की आली कशी? मौजेसाठी नाही, लष्करासाठी!

जानेवारी १९०२. रशियाशी युद्ध होणार असा अंदाज होता, म्हणून जपानी सैन्य थंडीत चालण्याचा सराव करत होतं. उत्तरेकडच्या हाक्कोदा डोंगरात २१० जणांची तुकडी हिमवादळात अडकली आणि १९९ जण मेले. सराव करताना! बर्फात हालचाल कशी करायची, हा प्रश्न त्या सैन्यासाठी जिवावरचा होता.

पुढे १९१० मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला थिओडोर फॉन लेर्ख नावाचा मेजर जपानला आला. कशासाठी? रशियाला हरवणारं सैन्य नेमकं कसं आहे, ते बघायला. लेर्ख स्कीइंगमध्ये पटाईत होता. १२ जानेवारी १९११ रोजी निइगाता प्रांतातल्या ताकादा गावी त्याने जपानी सैनिकांना स्कीचे धडे द्यायला सुरुवात केली. हातात दोन नाही, एकच बांबूची काठी. आजही १२ जानेवारी हा तिथे स्की दिवस मानतात.

बघा ना, त्याच एका विजयाने दोन माणसं जपानकडे खेचली. वर्ध्याचा पोरगा लढायला शिकायला गेला आणि व्हिएन्नाकडचा मेजर बघायला आला. मेजर स्की देऊन गेला. आपल्या पोराला मात्र लष्करी शाळा शेवटी कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस अकॅडमीत मिळाली.

या चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याला ज्याची भुरळ पडली, त्या जपानने १९१० मध्ये कोरिया गिळला आणि पुढे चीनवर हल्ला केला. आणि इथे वर्धा पुन्हा येतं. ऑक्टोबर १९३३ मध्ये फुजी गुरुजी, म्हणजे निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू, वर्ध्यात गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला, तो सेवाग्रामला आजही म्हणतात. पण जुलै १९४२ मध्ये त्याच सेवाग्रामहून गांधीजींनी जपानी लोकांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. रशियावरच्या विजयाने आपण कसे हरखलो होतो हे त्यात आहे, आश्रमातल्या जपानी साधूंची प्रेमाने आठवण आहे, आणि चीनवरच्या हल्ल्याबद्दल स्पष्ट शब्दांत निषेधही आहे. प्रेम आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचे नाहीत. वर्ध्यात गीताई मंदिराजवळ १९९३ मध्ये उभा राहिलेला पांढरा विश्वशांती स्तूप फुजी गुरुजींच्याच पंथाची आठवण आहे. आपण तिथे सेल्फी काढतो, गोष्ट मात्र विसरतो.

बरं, स्की सैन्यातून लोकांपर्यंत कशी आली? रेल्वेमुळे. १९३१ मध्ये शिमिझू बोगदा झाला आणि टोकियोहून निइगाताचा बर्फ जवळ आला. १९७२ मध्ये साप्पोरोला हिवाळी ऑलिंपिक झालं. १९८२ मध्ये जोएत्सु शिंकान्सेन धावू लागली. १९८० च्या दशकात जपानमध्ये पैसा धो-धो वाहत होता, तेव्हा डोंगरामागून डोंगर स्की रिसॉर्ट झाले. १९९० मध्ये तर गाला युझावा नावाचं स्टेशनच स्की रिसॉर्टच्या पोटात बांधलं! १९९३ च्या आसपास सुमारे १ कोटी ८० लाख जपानी लोक स्की करत होते. मग फुगा फुटला, तरुणांची संख्या घटली, आणि हा आकडा निम्म्याहून खाली आला. कित्येक रिसॉर्ट बंद पडले.

तुमचं बजेट इथेच दडलंय. परदेशी पर्यटकांनी शोधलेल्या निसेकोसारख्या जागा महागल्या. पण जपानी मध्यमवर्गासाठी बांधलेली, आता गिऱ्हाईक शोधणारी छोटी रिसॉर्ट अजून परवडतात. बर्फ दोन्हीकडे भरपूर असतो. सायबेरियाचा थंड वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि डोंगराला आपटून बर्फ टाकतो. वारा हॉटेलचं भाडं बघत नाही!

तर प्लॅन असा. टोकियोत साध्या होस्टेलमध्ये राहा आणि एक-दोन दिवस गाला युझावाला जाऊन या. शिंकान्सेनने सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि ही गाडी तीन दिवसांच्या टोकियो वाइड पासमध्ये चालते. स्की, बूट, जॅकेट सगळं तिथे भाड्याने मिळतं. एका आठवड्यासाठी विकत घेणं म्हणजे पैसे जाळणं. नवीन वर्षाची सुट्टी टाळा, शनिवार-रविवारही टाळा. मार्चमध्ये गर्दी कमी असते आणि शिकण्यापुरता बर्फ असतो. पहिल्या दिवशी शिकवणीचे पैसे वाचवू नका, आणि प्रवास विम्यात स्कीइंग धरलंय का ते तपासा, बहुतेक वेळा ते वेगळं घ्यावं लागतं. आपल्या बाजूने सगळ्यात मोठा खर्च विमानाचा, म्हणून आधी स्वस्त तिकिटाची तारीख पकडा आणि सुट्टी त्याप्रमाणे टाका.

कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या आपल्या जिल्ह्यात एवढा खर्च मौजेवर करावा का, हा प्रश्न घरचे विचारणारच. आणि तो चुकीचा नाही. मी उत्तर देणार नाही, फक्त खानखोजेंचं पुढचं सांगतो. ते गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होते. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले, मक्याच्या जातींवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. इंग्रज असेपर्यंत मायदेशाचं दार बंद होतं. देश स्वतंत्र झाल्यावरच परतता आलं, आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं. अर्जनवीसाचा मुलगा चार दशकं घराबाहेर राहिला.

आपण आठ दिवसांत परत येतो, पासपोर्टवर शिक्का घेऊन. जा, बर्फात आपटा, हसा. आणि परतल्यावर एखाद्या रविवारी त्या स्तूपापाशी घरच्यांना घेऊन जा आणि ही गोष्ट सांगा.