‘देणगी’ आणि ‘देणे’ : महाराष्ट्रातील कॅपिटेशन फी-प्रतिबंधाची वाटचाल

‘दे’ या एकाच धातूपासून मराठीत ‘देणगी’ आणि ‘देणे’ अशी दोन नामे सिद्ध झाली आहेत. पहिले स्वेच्छेने अर्पण केलेल्या द्रव्याचे नाव होय. दुसरे चुकविता न येणाऱ्या ऋणाचे. खाजगी महाविद्यालयांच्या शुल्कासंबंधी महाराष्ट्रात १९८७ पासून झालेल्या कायद्यांचा इतिहास हा बहुतांशी या दोन शब्दांमधील सीमारेषा आखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांच्या जीवनात देणगीला पूर्वापार मानाचे स्थान होते. १८८४ साली स्थापन झालेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी काय किंवा १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापिलेली रयत शिक्षण संस्था काय, दोहोंच्या उभारणीत लोकांच्या दातृत्वाचा वाटा मोठा आहे. या व्यवहारात दाता एक आणि विद्यार्थी दुसराच असे. दिलेल्या द्रव्याच्या मोबदल्यात वर्गातील जागा मागण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. १९८३ साली, वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रित्वाच्या काळात, विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आदी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली आणि ही स्थिती पालटली. शासनावर भार न पडता जागा वाढल्या, हा लाभ निर्विवाद होय. परंतु अनुदान नाही म्हटल्यावर खर्च विद्यार्थ्याकडूनच वसूल होणार हेही ओघाने आले. दाता आणि प्रवेशेच्छूचा पालक एकच झाला, आणि देणगीचे देणे झाले.

१९८७ च्या कॅपिटेशन फी-प्रतिबंधक अधिनियमाने या प्रथेस शिक्षापात्र ठरविले. त्यातील व्याख्या लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. ठरविलेल्या अथवा मान्य केलेल्या शुल्काहून अधिक घेतलेली रक्कम, मग ती रोख असो वा वस्तुरूप, आणि तिला नाव कोणतेही दिलेले असो, ती कॅपिटेशन फी होय. सद्‌भावपूर्वक स्वीकारलेल्या देणगीस मात्र कायद्याने मुभा ठेवली. अट एवढीच की तिच्या मोबदल्यात जागा राखून ठेवता कामा नये. नाव बदलून सुटण्याची वाट कायदेकर्त्यांनी अशा रीतीने बंद केली. तथापि त्या व्याख्येचा सारा भार ‘ठरविलेले अथवा मान्य केलेले शुल्क’ या शब्दांवर पडला. ते शुल्क कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाचे, हा यापुढील वादाचा विषय झाला.

त्याचे पहिले प्रत्यंतर कर्नाटकात आले. तेथे असाच कायदा १९८४ साली झाला होता. त्याच कायद्याखाली ५ जून १९८९ रोजी निघालेल्या अधिसूचनेने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत शासकीय जागांसाठी वार्षिक २,००० रुपये, राज्यातील अन्य विद्यार्थ्यांसाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० रुपयांपर्यंत शुल्क ठरविले. मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली असा निर्णय दिला की, ही ६०,००० रुपयांची रक्कमही वस्तुतः कॅपिटेशन फीच आहे. म्हणजे शासनाने ठरविले एवढ्याने देण्याचे शुल्क होत नाही.

१९९३ च्या उन्नीकृष्णन निर्णयाने निम्म्या जागा शासकीय दराच्या आणि निम्म्या अधिक शुल्काच्या, परंतु दोन्ही गुणवत्तेनुसार, अशी योजना घालून दिली. एका विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार दुसऱ्यावर टाकणारी ही योजना अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २००२ रोजी, टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात, रद्द ठरविली. संस्थेला स्वतःचे शुल्क ठरविण्याची मोकळीक मिळाली. विकासापुरती वाजवी शिल्लक ग्राह्य मानली गेली, नफेखोरी व कॅपिटेशन फी मात्र वर्ज्यच राहिली. २००३ साली न्यायालयाने शुल्कनिर्धारणासाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समित्या नेमण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनाविरुद्धच्या इनामदार खटल्यात, १२ ऑगस्ट २००५ रोजी, विनाअनुदान संस्थांवर शासनाचा राखीव वाटा लादता येणार नाही असे ठरले. समित्यांची व्यवस्था मात्र विधिमंडळांनी कायदा करीपर्यंत कायम राहिली. राखीव जागांविषयीची तरतूद घटनेच्या त्र्याण्णवाव्या दुरुस्तीने लगेच बदलली. शुल्काविषयीचा कायदा महाराष्ट्रात यावयास मात्र २०१५ साल उजाडले. त्या अधिनियमाने प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणे निर्माण केली. मधली दहा वर्षे विनाअनुदान व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क न्यायालयीन आदेशातून जन्मलेल्या समितीच्या हाती होते.

या वाटचालीवरून असे दिसते की, प्रतिबंधाचे कलम हे अशा कायद्याचे मर्म नव्हे. १९८७ नंतर कॅपिटेशन फी कोणत्याही टप्प्यावर वैध ठरली नाही. बदलत गेले ते मान्य शुल्क ठरविणारे अधिकारस्थान. प्रथम शासन, मग न्यायालयाची योजना, मग संस्था, मग समिती, आणि अखेर वैधानिक प्राधिकरण. दर बदलाबरोबर वैध शुल्क व अवैध वसुली यांमधील रेषा सरकली, आणि त्या रेषेच्या कोणत्या बाजूस आपले स्थान आहे हे प्रवेशेच्छू विद्यार्थ्याला बहुधा शुल्क भरतेवेळीच कळले. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने अधिनियमाच्या शीर्षकापेक्षा त्याच्या व्याख्या-कलमाकडे, आणि व्याख्येपेक्षाही मान्यता देणाऱ्या अधिकाराकडे आधी पाहावे. कोणती रक्कम देणगी आणि कोणती देणे, याचा निवाडा प्रत्यक्षात तेथेच होत आला आहे.