वृक्षासन : तपापासून व्यायामापर्यंत



माझीं पस्तीस वर्षें शाळेंत शिकविण्यांत गेलीं. आरंभींच्या काळांत गृहपाठ न करणाऱ्या मुलास मी एका पायावर उभें करीत असें. एके दिवशीं असाच एक मुलगा भोवळ येऊन पडला व त्याची हनुवटी फुटली. ती शिक्षा मीं त्याच दिवशीं बंद केली. परंतु एका पायावर उभें राहणें ही मूळची शिक्षा कीं साधना, हा प्रश्न मनांत राहिला. त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

पुराणकथांत ही स्थिति उग्र तपाचें लक्षण मानिली आहे. तामिळ देशांत महाबलिपुरम् येथें ७ व्या शतकांतील पल्लवकालीन भव्य शिल्प आहे. त्यांत एक कृश तपस्वी हात उंचावून एका पायावर उभा आहे. कोणी त्यास अर्जुन म्हणतात, कोणी भगीरथ. खालीं एक मांजरहि हात वर करून तपाचें सोंग करीत आहे, आणि त्याच्या पायांशीं उंदीर जमले आहेत! मुद्रा सारखी, हेतु मात्र निराळा.

हठयोगाच्या ग्रंथांत या स्थितीस स्थान उशिरां मिळालें. १५ व्या शतकांतील 'हठप्रदीपिके'त १५ आसनें आहेत. उभ्यानें करावयाचें त्यांत एकहि नाहीं. नंतरच्या 'घेरंडसंहिते'तील ३२ आसनांत मात्र वृक्षासन आढळतें. उजवा पाय डाव्या मांडीच्या मुळाशीं ठेवून झाडाप्रमाणें उभें राहावें, एवढेंच तेथें सांगितलें आहे. अधिक सांगण्याचें कारण नव्हतें. शेजारीं गुरु असे.

पुढें काळ बदलला. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, आणि आसनांच्या शास्त्रीय परीक्षणास कायमचें ठिकाण मिळालें. आसनें मठांतून शाळांत व घरांत आलीं. गुरु मात्र प्रत्येक घरीं येऊं शकला नाहीं.

म्हणून सावधगिरी आपणच बाळगावी. कोरड्या, सपाट जमिनीवर, अनवाणी, भिंतीजवळ उभें राहावें. समोरच्या एका बिंदूवर दृष्टि लावावी. तोल सांभाळण्यांत डोळ्यांचा वांटा मोठा असल्यामुळें ते मिटूं नयेत. एका पायाचा तळवा दुसऱ्या मांडीच्या आंतील बाजूस टेकवावा. न साधल्यास पोटरीस टेकवावा. गुडघ्यावर मात्र कधींहि ठेवूं नये. गुडघा बिजागरीसारखा वळतो; बाजूनें येणारा दाब त्यास सोसत नाहीं. तोल साधल्यावर हात जोडावे. श्वास रोखूं नये. पांचसहा श्वासांनंतर पाय हळूच खालीं घ्यावा व तितकाच वेळ दुसऱ्या पायावर उभें राहावें. वृद्धांनीं व भोवळ येणारांनीं भिंतीचा आधार सोडूं नये.

आसन स्थिर आणि सुखकर असावें, असें पतंजलींनीं सांगितलें आहे. माझ्या वर्गांतील त्या मुलाजवळ स्थैर्य नव्हतें आणि सुखहि नव्हतें. होती ती केवळ भीति. हल्लीं सकाळीं नातीसह मी भिंतीजवळ उभा राहतों. पाय लटपटला कीं ती हंसते, आणि मी पाय खालीं घेतों. एवढी मोकळीक त्या मुलास मीं द्यावयास हवी होती.