तीन त्रिकोण, दोन चौकोन

8 एप्रिल 1982. अमेरिकेतल्या गेथर्सबर्गच्या प्रयोगशाळेत तुम्ही डॅन शेख्टमनच्या मागे उभे आहात. झटकन गोठवलेल्या ॲल्युमिनियम-मँगॅनीजच्या मिश्रधातूतून इलेक्ट्रॉनांचा झोत आरपार गेलाय, आणि ठिपक्यांचं कडं उमटलंय. तो मोजतो, दहा. पुन्हा मोजतो, दहाच! पुस्तकांप्रमाणे स्फटिकातली रचना पुन्हा पुन्हा येते, आणि अशा रचनेतून दहाचं कडं शक्य नाही. वहीत तो ‘दहा’पुढे तीन प्रश्नचिन्हं काढतो. आता काही वर्षं लोक त्याला वेड्यात काढणार आहेत; ते बघायला थांबू नका.

पाव शतक पुढे या. नागोया विद्यापीठ, 2007 चा शोधनिबंध छापून येण्याआधीचे दिवस. इथे धातू नाही, पॉलिमर आहे. प्रत्येक रेणू म्हणजे एका बिंदूत जोडलेले तीन हात: पॉलिआयसोप्रीन, पॉलिस्टायरीन, पॉलिव्हिनिलपिरिडीन. तिघांचं एकमेकांशी तेल-पाण्यासारखं वाकडं, पण वाटण्या करायची सोय नाही, चूल एकच. मग जो तो आपल्या जातभाईंना धरून खांब करून उभा राहतो.

केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका पातळ काप सूक्ष्मदर्शीखाली बघा. खांब आडवे कापले गेलेत आणि समोर फरशी पसरलीय: समान बाजूंचे त्रिकोण आणि चौकोन. इथल्याच संशोधकांच्या गटाला 2005 साली अशीच, पण पुन्हा पुन्हा येणारी नक्षी मिळाली होती. तिच्यात दर चौकोनामागे नेमके दोन त्रिकोण. या वेळी मिश्रणात थोडं सुटं पॉलिस्टायरीन घातलंय. ते आपल्या जातीच्या खांबांत शिरून त्यांना फुगवतं आणि हिशेब बिघडतो.

खरं तर बिघडत नाही, इथेच मौज आहे. त्रिकोण मोजा: दर चौकोनामागे सुमारे 2.3. आदर्श आकडा 4 भागिले √3, म्हणजे 2.309 आणि पुढे न संपणारा, दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारात कधीच न बसणारा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा मांडून सगळी नक्षी व्हायची तर त्या तुकड्यात त्रिकोण-चौकोन पूर्ण संख्येनेच हवेत. हा आकडा ते होऊ देत नाही. तरीही नक्षी विस्कटलेली नाही. क्ष-किरण टाकले की ठिपक्यांचं नीट कडं उमटतं, बाराचं; शेख्टमनच्या दहासारखंच, पुस्तकांप्रमाणे अशक्य.

परत आलात की एकाच लांबीच्या बाजूंचे त्रिकोण आणि चौकोन पुठ्ठ्यातून कापा. एका बिंदूभोवती तीन त्रिकोण, दोन चौकोन बरोबर बसतात. तिथून पुढे, नक्षी परत न येऊ देता, जमिनीवर लावत जाऊन बघा.