जुन्या फियाटचे सील आणि वायसर मिळत नाहीत? मग ते बनवतात कसे, आणि चूक नेमकी कुठे होते?

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी आणि तिच्या आधीची फियाट 1100 हौशी लोकांनी अजून जपून ठेवली आहे. आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून पत्रा, रंग, सीट यांवर भरपूर खर्च होतो. आणि मग काम अडतं ते एका रबरी रिंगपाशी.

रबर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं. ते कडक होतं, त्याला चिरा पडतात. नवा सुटा भाग बाजारात नसेल तर बनवून घ्यावा लागतो. इथे बहुतेक जण पहिली चूक करतात : जुनी रिंग काढून तिचंच माप देतात. पण ती रिंग तेलात फुगलेली असते, नाहीतर वर्षानुवर्षं दाबून चपटी झालेली असते. माप घ्यायचं ते रिंग जिथे बसते त्या खाचेचं. न हलणाऱ्या जोडातली ओ-रिंग साधारण 15 ते 25 टक्के दाबली जाईल अशी जाडी ठेवतात. खाच पूर्ण भरूनही चालत नाही, कारण गरम झाल्यावर रबर फुगतं आणि त्याला जागा लागते.

काळं दिसतं ते सगळं रबर सारखं नसतं

खरा धोका इथे आहे. इंजिन ऑइल आणि साध्या पेट्रोलसाठी नायट्राइल रबर चालतं. बहुतेक गाड्यांचं ब्रेक ऑइल (डॉट 3, डॉट 4) मात्र नावापुरतंच ऑइल, ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं. त्यात नायट्राइल फुगतं, तिथे ईपीडीएम लागतं. उलट ईपीडीएमला इंजिन ऑइल लागलं की तेही फुगून मऊ पडतं. हातात घेतल्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

मास्टर सिलिंडरमधलं सील फुगलं तर ब्रेक ऑइल परत जाण्याचं बारीक भोक झाकलं जातं. पेडलवरून पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, ड्रम तापतात, चाक जाम होऊ शकतं. म्हणूनच ब्रेकचे भाग पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याची गॅरेजमधली जुनी सवय सीलच्या मुळावर येते.

दुकानदाराने दिलेल्या रबराची खात्री नसेल तर एक साधी चाचणी आहे. त्याचे दोन तुकडे मोजून घ्यायचे, एक ब्रेक ऑइलमध्ये, दुसरा इंजिन ऑइलमध्ये काही दिवस ठेवायचा आणि पुन्हा मोजायचे. कोणता फुगला ते कळतं. तरीही ब्रेकचं कपाच्या आकाराचं सील घरी कापून किंवा ओतून बनवू नये. त्याची पातळ कडच दाब धरते, ती साच्यातच नीट येते. घरचे प्रयोग दाराच्या बफरवर करावेत.

पेट्रोलच्या वाटेवर आता आणखी एक भानगड आहे, इथेनॉल. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुनं रबर बनलेलंच नव्हतं. पंपाचा पडदा आणि नळ्या बदलताना फ्लोरोकार्बन रबर, म्हणजे बाजारात ‘व्हिटॉन’ म्हणून ओळखलं जाणारं, जास्त टिकतं. महाग आहे, म्हणून ‘भारीतलं’ समजून कुणी तेच ब्रेकलाही लावतं. ते तिथे चालत नाही.

कागदी पॅकिंग त्यामानाने सोपं. कडेला हलकं ग्रीस लावून कागदावर ठसा घ्यायचा, आधी बोल्टची भोकं पंचने पाडायची, मग बाहेरची कड कापायची. जुनं पॅकिंग मात्र कोरडं घासू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

तांब्याचे वायसर तर परत वापरता येतात. एकदा आवळल्यावर तांबं कडक होतं. ते मंद लाल होईपर्यंत तापवून गार केलं की पुन्हा मऊ पडतं, पाण्यात बुडवलं तरी चालतं. फरशीवर टाकलं की खणखणत नाही, बद्द आवाज येतो. काळी पुटी घासून काढली की वायसर तयार. ॲल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग नको : ते लाल होण्याची वाट पाहता पाहता वितळून जातं.