शूलावरील मांस आणि मसाल्याची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरें, असा समज सुशिक्षित वर्गांत रूढ आहे, व तो खोटा नाहीं. परंतु रोज हाताळल्यामुळेंच ज्याकडे आपलें लक्ष जात नाहीं असें एक साधन प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांत आहे. तें म्हणजे मसाल्याचा डबा. त्यांतील एकेका जिनसाची वंशावळ लावूं गेल्यास राज्यांचीं, व्यापाराचीं आणि भाषांचीं स्थित्यंतरें डोळ्यांसमोर उभीं राहतात. निखाऱ्यावर भाजावयाच्या मांसास जो मसाला चोळतात, त्याच्या इतिहासापुरतें हें विधान आम्ही येथें तपासून पाहणार आहों. मांसाहार करावा कीं न करावा, हा वाद या लेखाचा विषय नव्हे. ज्यांस तो वर्ज्य आहे त्यांनींही इतिहास म्हणून हें प्रकरण वाचण्यास हरकत नसावी.

या विषयांत दोन समजुती फार प्रचलित आहेत. सळईवर मांस भाजण्याची कला मुसलमानी अमलाबरोबर या देशांत आली, ही पहिली. आणि आपला लालभडक तिखट मसाला मात्र अनादि कालापासून आपल्याच घरचा आहे, ही दुसरी. आमच्या मतें या दोन्ही समजुती उलट्या आहेत. जें परकें म्हणून आपण बाजूस सारतों तें जुनें आहे, आणि जें आपलें म्हणून मिरवितों तें त्या मानानें कालचें आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊं. ‘सीख’ आणि ‘कबाब’ हे शब्द फारशीच्या द्वारें आपल्याकडे आले, यांत संशय नाहीं. परंतु नांव परकें म्हणून वस्तूही परकी, असा न्याय लावतां येत नाहीं. अमरकोशांत शूलावर भाजलेल्या मांसास ‘भटित्र’ व ‘शूल्य’ असे शब्द दिले असून भांड्यांत शिजविलेल्या पदार्थास ‘उख्य’ हा निराळा शब्द आहे. ज्या भाषेनें या दोन पाकक्रियांस वेगवेगळीं नांवें दिलीं, ती बोलणाऱ्यांस त्या दोन्ही परिचित असल्या पाहिजेत, हें उघड आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नपानविधीचा जो अध्याय आहे, त्यांतही शूलावर भाजलेल्या आणि निखाऱ्यावर तापविलेल्या मांसाचे प्रकार सांगून त्यांच्या गुणदोषांची चर्चा केली आहे. म्हणजे हा विषय वैद्यकांत शिरण्याइतका नित्याचा झालेला होता.

परंतु या बाबतींत सर्वांत भरघोस पुरावा आपल्या अगदीं शेजारचा आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर हा इ. स. ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य करीत होता. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांतलें बसवकल्याण. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्या काळीं याच सत्तेखालीं होता. या राजाच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झाला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत तो तीन भागांत छापला गेला असून पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं निघाला. त्यांत पांच विंशती, म्हणजे एकंदर शंभर अध्याय आहेत, आणि तिसऱ्या विंशतींत ‘अन्नभोग’ नांवाचें प्रकरण आहे.

या प्रकरणांत राजानें ‘भडित्रक’ सांगितलें आहे. अमरकोशांतील ‘भटित्र’ तें हेंच, हें सांगावयास नको. मांसाच्या तुकड्यांस भोकें पाडून त्यांत मसाला भरावा व ते शूलावर ओवून निखाऱ्यावर भाजावे, असा त्याचा विधि आहे. काळजाचे सुपारीएवढे तुकडे करून ते निखाऱ्यावर भाजावे आणि मग दह्यांत किंवा राईच्या पाण्यांत टाकावे, असाही एक प्रकार त्यांत आहे. हिंग पाण्यांत कालवून तें हिंगाचें पाणी वापरण्याची चाल या ग्रंथांत ठिकठिकाणीं दिसते. त्याच्या जोडीस सैंधव, मिरें, हळद आणि आलें हीं आहेत. मिरचीचें नांव कोठेंही नाहीं, आणि असणें शक्यही नव्हतें.

कोणी म्हणेल, राजानें हौसेनें लिहिलेल्या या पाककृती; त्यांत शास्त्र तें काय असणार? परंतु विचार केला असतां या विधींत मोठें मर्म आढळतें. चोळलेल्या जिनसांपैकीं मीठ तेवढें मांसांत खोलवर जातें. तें प्रथम मांसांतलें पाणी बाहेर ओढतें, त्या पाण्यांत स्वतः विरघळतें, आणि मग तें खारें पाणी हळूहळू आंत मुरतें. मसाल्याचीं सुगंधी द्रव्यें बहुतेक तेलांत विरघळणारीं असल्यामुळें तीं पृष्ठभागावरच राहतात. तेव्हां मसाल्याची चव घासागणिक लागावी असें वाटत असेल, तर मार्ग दोनच: तुकडे लहान करावे, म्हणजे पृष्ठभाग वाढेल, नाहीं तर मांसास भोकें पाडावीं, म्हणजे मसाल्यास आंत वाट मिळेल. कल्याणीच्या मुदपाकखान्यांत हे दोन्ही मार्ग अनुभवानें ठाऊक होते.

दह्याच्या योजनेंतही हेंच दिसतें. आज आपण मांस आधीं दह्यांत मुरवितों. काळजाच्या वरील प्रकारांत तें भाजल्यानंतर दह्यांत पडतें. ओल्या पृष्ठभागाची उष्णता पाणी आटेपर्यंत १०० अंशांच्या फारशी वर जात नाहीं, आणि भाजण्याचा खमंगपणा तर सुमारें १४० अंशांच्या पुढें उत्पन्न होतो. या खमंगपणाच्या मुळाशीं असलेली रासायनिक क्रिया लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रथम वर्णिली. भाजणें आधीं व आंबट मागाहून, हा क्रम त्या क्रियेस पोषकच आहे. हिंग पाण्यांत कालविण्याचें कारणही सोपें आहे. कोरड्या हिंगाचा खडा एकाच जागीं कडवट लागतो. पाण्यांत कालविलेला हिंग सर्वत्र सारखा पसरतो.

पुढें सुमारें साडेतीनशें वर्षांनीं आपण माळव्यांत येतों. मांडूचा सुलतान घियासुद्दीन (१४६९–१५००) याच्या दरबारांत तयार झालेला ‘निअमतनामा’ हा सचित्र फारशी पाकग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. कबाबांचे नानाविध प्रकार सांगणाऱ्या या ग्रंथांत हिंगाचा वापर इतका मुबलक आहे कीं, वाचणारास सोमेश्वराच्या स्वयंपाकघराची आठवण व्हावी. धर्म बदलला, भाषा बदलली, परंतु चुलीजवळचा हिंग तसाच राहिला. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही कबाबाचें प्रमाण देतो: दहा शेर मांसास अर्धा शेर तूप, आणि त्याबरोबर मीठ, आलें, कांदा, जिरें, धने, मिरें, वेलदोडे व लवंगा. या यादींतही मिरची नाहीं.

मग ती आली केव्हां? मिरचीचें झाड मूळचें अमेरिकेचें. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतजवळ उतरला आणि १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें जिंकलें; त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यास लागली. आपल्या मराठी भाषेनें तर याची कबुलीच देऊन ठेविली आहे. नव्या फळास नांव सुचेना, तेव्हां जुन्या ‘मिऱ्या’वरूनच ‘मिरची’ हा शब्द तिनें घडविला. गोव्यांत या घडामोडीचे अवशेष आजही ताटांत दिसतात. ‘रेशाद’ मसाल्याचें नांव ‘भरणें’ या अर्थाच्या पोर्तुगीज धातूपासून आलें आहे. मिरच्या व सिरका घालून वाटलेला हा मसाला मासळींत भरतात. पोर्तुगीज खलाशी मांस द्राक्षाच्या मद्यांत व लसणांत मुरवीत. गोव्यांत त्या मद्याची जागा माडाच्या सिरक्यानें घेतली आणि त्यांतून विंदालू जन्मास आला.

मात्र येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. मिरची परकी ठरली म्हणून हिंग-मिऱ्यांचा जुना मसाला शुद्ध स्वदेशी ठरतो, असें कोणी समजूं नये. हिंग हा शतकानुशतकें इराण व अफगाणिस्तान या मुलुखांतून येत असे. हिमालयांतील लाहौल खोऱ्यांत त्याची रोपें लावण्याचा प्रयोग २०२० सालीं सुरू झाला. लवंग मूळची मोलुक्का बेटांची, आणि मिरें मलबारचें. म्हणजे बाराव्या शतकांतील राजाचा मसालाही दूरदूरच्या बाजारांनींच भरलेला होता. आमच्या पूर्वजांच्या ताटांत हें नव्हतेंच असें म्हणणारे, आणि होतें तें सारें आमचेंच असें म्हणणारे, या दोघांसही मसाल्याचा डबा सारखाच निराश करितो. इतिहासाचा उपयोग अभिमानाच्या किंवा लज्जेच्या सोयीसाठीं करूं गेल्यास पुरावा आड येतो, आणि तो आड येऊं द्यावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

ज्या घरीं असें मांस भाजलें जातें, त्यांस या इतिहासांतून व्यवहाराचाही बोध घेतां येईल. मीठ पुष्कळ आधीं चोळावें. धने, जिरें हीं कोरडीं भाजून ताजीं कुटावीं. मिरें जाडसर ठेवावें. लाल तिखट व गूळ-साखर हीं भडक विस्तवावर लवकर करपून कडू होतात, म्हणून तीं बेतानें आणि शेवटीं लावावीं. आंबटही पृष्ठभाग चांगला भाजल्यावरच द्यावें. एकदां मिरची वगळून केवळ हिंग, सैंधव, मिरें व हळद यांवर भाजून पाहिल्यास नऊशें वर्षांपूर्वींच्या चवीची थोडीशी कल्पना येईल.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. याच मानसोल्लासांत, गीतांच्या प्रकरणीं, महाराष्ट्रांत स्त्रिया कांडतांना ओवी गातात असें नमूद आहे. मसालाही कांडल्यावांचून होत नाहीं. भडित्रक राजाच्या नांवावर राहिलें. त्याचा हिंग कालविणाऱ्या व मिरीं कुटणाऱ्या हातांचीं नांवें राहिलीं नाहींत. परंतु मुसळाच्या तालावर म्हटलेल्या ओवीची नोंद त्याच ग्रंथांत आहे, आणि ती नोंद आपल्या मराठीच्या इतिहासांत भडित्रकापेक्षां कमी मोलाची नाहीं.