बोर्डिंगची चूल आणि भीमाकाठची ज्वारी

वसतिगृहाचे धान्य जवळच्या शेतातून यावे, ताटात उष्टे राहू नये, विद्यार्थ्याने स्वतः राबावे, अशी चर्चा अलीकडे विद्यापीठांच्या आवारात ऐकू येते. ती अगदी नवी असल्यासारखी होते, याचे मला नवल वाटते. रयतेच्या बोर्डिंगांत हे सगळे होते. त्याला नाव तेवढे नव्हते, कारण ती हौस नव्हती, अडचण होती.

भाऊराव पाटलांचा पहिला धडा अन्नाचा नव्हे, पंक्तीचा. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगला मुकले. पुढे १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या आधाराने उभी राहिलेली बोर्डिंगे बहुतेक जातवार होती. साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एकाच चुलीवर रांधून एका पंक्तीला बसू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

पाणी भरणे, भाजी लावणे, रांधणे हे मुलांचेच काम. तरी धान्य संपे. तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. चरित्रांत हा प्रसंग त्यागाची कथा म्हणून येतो. मला तो जमाखर्चातली एक नोंद वाटतो. स्वावलंबनाच्या चुलीलाही तूट येते आणि ती कुणीतरी भरतेच. बहुधा बाईच. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा 'कमवा आणि शिका' महाविद्यालयाच्या आवारात पोचले.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला मामासाहेब जगदाळ्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी असेच काम उभे केले. अशा बोर्डिंगांना रोख पैशापेक्षा धान्याचा आधार मोठा असे, आणि या भागात धान्य म्हणजे ज्वारी. पाऊस कमी, जमीन काळी. भाद्रपद-आश्विनात पेरायचे, मातीत मुरलेल्या ओलीवर पीक काढायचे. कणीस माणसाला, कडबा जनावराला. उरलेले पेवात. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ अजून शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मग भीमेवर उजनी झाले. १९८० मध्ये धरण पुरे झाले आणि करमाळा, माढा, इंदापूर भागांतली नदीकाठची गावे यशवंतसागरात गेली. केत्तूर, वांगी यांच्यासारखी गावे वर सरकून नव्याने वसली. बुडाली ती काठावरची उत्तम काळी जमीन. उरलेल्या रानाला पाणी आले आणि पाण्यामागून ऊस; पुढे कंदरसारख्या गावांत केळीही. बारा ते अठरा महिने रान अडवणाऱ्या उसाला रब्बीच्या ज्वारीची पाळी सापडत नाही. यात शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही. उसाला कारखाना होता, उचल होती, दर ठरलेला होता. ज्वारीला काय होते? घर विस्थापित झालेल्या माणसाने बेभरवशाचे पीक धरून बसावे, ही अपेक्षा आपण शहरातून करतो.

फरक मात्र पडला. ज्या गावाने पूर्वी बोर्डिंगाला पायली-अधोली दिली असती, ते आता स्वतःच ज्वारी विकत आणते. गेल्या काही वर्षांत चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग विकली गेली आहे. म्हणजे गरिबाची भाकरी मेसच्या ठेकेदाराला परवडेनाशी झाली. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. भोवतालच्या शिवारातले धान्य त्याच्या आवारातल्या ताटात यायचे, तर घोषणेने ते येणार नाही. पेरणीआधी ठरलेला भाव आणि सगळा माल उचलण्याची हमी, हे दोन शब्द शेतकऱ्याला समजतात, कारण उसाने त्याला तेच शिकवले.

दुसरी अडचण थापणाऱ्या हातांची. शेकडो मुलांना रोज दोन वेळा गरम भाकरी थापून घालणे सोपे नाही, आणि ते ओझे पुन्हा बायकांवरच पडणार. पण सोलापूरकडे याचे जुने उत्तर आहे: कडक भाकरी. पातळ थापून, पाणी पूर्ण उडेपर्यंत शेकलेली ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. गावोगावच्या बायका आणि बचतगट ती विकतात, शेंगाचटणीबरोबर ती पुण्या-मुंबईला जाते. ती चुरून आमटीत भिजवली, की मेसमध्ये उरलेली भाकरी टाकून देण्याचा प्रश्नच राहत नाही. राहिलेली उद्या चालते.