सर्पगंधा आणि गुठळी

परवा पोटरी सुजली म्हणून जालन्याला दाखवायला गेलो. तपासणीच्या कागदावर 'डी-डायमर' लिहिले होते. करोनाच्या साथीत, २०२०-२१ साली, हा शब्द आमच्या देऊळगाव राजात पानटपरीवरसुद्धा ऐकू यायचा. शरीरात झालेली गुठळी विरघळू लागली की तिचे बारीक अवशेष रक्तात उतरतात, त्यांचे हे माप. वयाबरोबरही ते वाढते म्हणे.

माझ्या वडिलांच्या वेळी यातले काहीच नव्हते. १९६९ साली, बालाजीची यात्रा तोंडावर असताना, त्यांना अर्धांगवायू झाला. त्याआधी डोके दुखते, झोप येत नाही म्हणून एक वैद्य त्यांना सर्पगंधाच्या गोळ्या देत. बरे वाटू लागले तशा वडिलांनी त्या सोडल्या.

मी बरीच वर्षे सर्पगंधेला निव्वळ झाडपाला समजत होतो. पुढे वाचनात आले की कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच तिचा रक्तदाबावरचा गुण नोंदवला होता. पण जगाने ऐकले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचे. के.ई.एम. रुग्णालयातल्या या हृदयरोगतज्ज्ञाने ५० रुग्णांवरचे अनुभव १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. त्याच्या चारच वर्षे आधी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट वाढलेल्या रक्तदाबानंतर मेंदूत रक्तस्राव होऊन गेले होते. एवढ्या मोठ्या माणसालाही देण्याजोगे धड औषध नव्हते! १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रिसर्पिनने मन खचते अशा तक्रारी आल्या, त्याहून चांगली औषधे निघाली आणि ते मागे पडले. असो.

मला कोडे वेगळेच होते. दाब वाढला तर नळी फुटायला हवी. मग बहुतेकांना अर्धांगवायू रक्तवाहिनी तुंबून का होतो? डॉक्टर लोक याला 'बर्मिंगहॅम पॅराडॉक्स' म्हणतात. उत्तराचे मूळ जर्मनीच्या विर्चो यांच्या १८५६ सालच्या लिखाणात सापडते. रक्ताचा प्रवाह, वाहिनीची भिंत आणि रक्तातले घटक, या तिन्हींवर गुठळी ठरते. सततच्या दाबाने भिंतीचे आतले नाजूक अस्तर दुखावते. त्यातून 'व्हॉन विलेब्रँड' नावाचे प्रथिन जास्त सुटते, त्याला बिंबाणू चिकटतात, फायब्रिनोजेनही वाढलेले आढळते. आमच्या शाळेच्या विहिरीवरच्या जुन्या लोखंडी पाइपाची मला आठवण झाली. तो कधी फुटला नाही, आतून गंजून तुंबला.

वडिलांचे नेमके काय झाले, फुटले की तुंबले, हे कोणी तपासले नाही. सी.टी. स्कॅन तेव्हा जगातच नव्हता.

माझा डी-डायमर ठीक निघाला. दाब मात्र १७८/१०४. कारण वैशाखात, अगदी छान वाटते आहे म्हणून, मीही गोळ्या बंद केल्या होत्या. डॉक्टरांना सांगितले, मुलांना नाही. ती आता इथे वाचतीलच. गोळ्यांची डबी देवघराच्या फळीवर ठेवली आहे. सकाळी दिवा लावताना दिसते.